डिस्क कटरची चकती सुटत नाही, कडा फाटते, पंच रुततो: धार लावण्याआधी काय काय तपासायचं

कानातली, पदकं, पोकळ मण्यांच्या अर्ध्या वाट्या, यांतलं काहीही करायचं असलं तरी सुरुवात गोल चकतीपासून होते. ती करवतीने कापून कानशीने गोल करत बसण्यापेक्षा डिस्क कटर घेतलेला बरा, हे ठाण्यात आणि नवी मुंबईत घरच्या घरी दागिने करणाऱ्या बहुतेकांना आता पटलेलं आहे. अवजार तसं साधं आहे. दोन जाड पोलादी प्लेटी, त्यांत वेगवेगळ्या मापांची भोकं, प्रत्येक भोकाला त्याच्याच मापाचा पंच, म्हणजे कापणारी पोलादी दांडी. प्लेटींमधल्या फटीत पत्रा सरकवायचा, वरून पंच सोडायचा आणि हातोडा मारायचा. तरीही हे कटर माझ्याकडे सतत येत राहतात. कुणी नौपाड्यातून आणतं, कुणी ऐरोलीहून, कुणी कोपरखैरण्याहून पिशवीत घालून लोकलने येतं, आणि मागणी ठरलेली असते: "पंचाची धार गेलीय, लावून द्या."

धार क्वचितच गेलेली असते. बिघाड बहुतेक वेळा कटरच्या बाहेर असतो: पत्र्यात, हातोड्यात, आणि सगळ्यांत जास्त वेळा कटर ज्याच्यावर ठेवलाय त्याच्यात. घरी तिरकी धार लावल्याने मात्र चांगला पंच कायमचा बाद होतो. म्हणून खालचा क्रम सोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही, शेवटच्यांना टूलरूम, म्हणजे अवजारं बनवणारी आणि दुरुस्त करणारी कार्यशाळा लागते.

लक्षणं

• चकती जवळजवळ सगळीकडून सुटते, पण एका बाजूला थोडा भाग पत्र्याला धरून राहतो आणि चकती तिथेच लटकते.
• एका अंगाला बोट कापेल असा बर, म्हणजे कडेला उभी राहणारी धातूची खरखरीत कोर येते, दुसरं अंग स्वच्छ.
• बर सगळीकडे सारखाच येतो.
• चकती सपाट न निघता मध्ये खोलगट होऊन निघते.
• चकतीच्या तोंडावर पंचाच्या कडेचे दोन-तीन वण उमटतात.
• पंच अर्ध्यात रुततो, ना खाली जातो ना वर येतो.
• लहान मापं व्यवस्थित कापली जातात, मोठी अडतात.
• हातोडा उसळून परत येतो, कटर टेबलावर नाचतो, चकती मात्र सुटत नाही.

हातोडा हातात घेण्याआधी

गॉगल घाला. पंच कडक पोलादाचा असतो आणि कडक पोलादावर कडक पोलादी हातोडा मारला तर टवका उडू शकतो. तो डोळ्यात गेला तर बाकीच्या सगळ्या चर्चेला अर्थ राहत नाही. पितळी हातोडा वापरण्याचं मुख्य कारण हेच आहे, कारण पितळ स्वतः दबतं आणि पंचाचा टवका उडण्याची शक्यता फार कमी होते. खोली लहान असेल तर कानात बोळेही घाला.

आधी चकतीची कडा बघा

काहीही बदलण्यापूर्वी शेवटची बिघडलेली चकती आणि ती जिथून निघाली तो पत्रा, दोन्ही भिंगाखाली धरा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. चकतीची जाडी दिसेल अशी ती उभी धरून खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवा. कापताना जी बाजू खाली होती तिथे कडा किंचित गोलसर झालेली दिसेल. तिच्यावर आरशासारखा चमकणारा एक पट्टा, त्याच्यावर मंद, दाणेदार पट्टा आणि अगदी वर, पंचाच्या बाजूला, बर. चमकणाऱ्या पट्ट्यात धातू खरोखर कापला गेलाय, दाणेदार पट्ट्यात तो तुटलाय. कुठल्याही पंचाने काढलेल्या चकतीत हे दोन्ही असतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बघायचं ते एवढंच: चमकणारा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा आहे का? एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद असेल, तर पंच सरळ उतरलेला नाही. मग धार लावून काहीही होणार नाही, कारण दोष धारेत नाहीच. पट्टा सगळीकडे सारखा आणि तरीही सगळीकडे मोठा बर, असं असेल तर पत्र्याची जाडी, त्याचा नरमपणा किंवा खरोखरच धार, यांकडे वळायचं.

याच निरीक्षणातून एक फायदाही करून घ्या. गोलसर, मऊ कडा खालच्या बाजूला येते आणि बर वरच्या. कानातल्याचा दर्शनी भाग खाली तोंड करून ठेवला तर बर आपोआप पाठीमागे जातो आणि कानशीचं काम निम्म्यावर येतं.

१. पंच उलटा तर नाही ना?

पंचाची दोन्ही टोकं सारखी नसतात. कापणारं तोंड सपाट असून त्याची कडा तीक्ष्ण असते, ठोकायच्या टोकाची कडा घासून उतरती केलेली असते. घाईत पंच उलटा पडला की उतरती कडा पत्र्याला कापत नाही, भोकात ढकलते. चकती खोलगट होते आणि पंच रुततो. डब्यातून पंच काढताना कडेवरून हलकेच नख फिरवायची सवय लावा. नखाचा बारीक कीस निघाला तर ते कापणारं तोंड.

२. पत्रा भोक पुरता झाकतोय का?

चांदी महाग असल्याने प्रत्येक जण कडेकडेने चकत्या काढतो. मी समजू शकते. पण भोकाच्या एका बाजूला धातूच नसेल किंवा जेमतेम केसाएवढा असेल, तर पंचाला त्या बाजूने विरोध होत नाही आणि तो तिकडे कलतो. पातळ पट्टी फाटून पंच आणि भोकाच्या मध्ये घुसते, आणि पंच रुतण्याचं हे नेहमीचं कारण आहे. सगळीकडून निदान दोन मिलिमीटर धातू सुटला पाहिजे. मोठ्या मापाला आणखी थोडा.

३. समोरच्या बाजूला आधार

ही तपासणी फुकटची आहे आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पत्रा एका बाजूने फटीत सरकवला की वरची प्लेट त्या बाजूला पत्र्यावर टेकते आणि दुसऱ्या बाजूला अधांतरी राहते. हातोडा पडताच ती रिकाम्या बाजूला झुकते, तिच्याबरोबर पंचही झुकतो. वाटी तिरकी धरून पुऱ्या कापल्या की एक कडा सुटते आणि दुसरी कणकेतच राहते, तसंच इथे होतं.

उपाय सोपा आहे. त्याच पत्र्याचा एक तुकडा, नेमक्या त्याच जाडीचा, समोरच्या बाजूने फटीत सरकवा. "साधारण तेवढाच" चालत नाही. ज्या पत्र्यातून चकत्या काढायच्या त्याचेच दोन-तीन तुकडे आधी कापून कटरच्या डब्यात ठेवून द्या, वर मार्करने जाडी लिहा. काही कटरांना मध्ये घट्ट करायचा बोल्ट असतो. तो असेल तर आवळा, पण त्यालाही समोरचा तुकडा लागतोच, नाहीतर आवळताना प्लेट वाकडी बसते.

लटकणारी चकती आणि एकाच अंगाला येणारा बर, या दोन तक्रारी बहुतेक वेळा इथेच मिटतात.

४. कटर कशावर ठेवलाय?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खरा घोटाळा इथे होतो.

ठोकाठोकीचा आवाज स्लॅबमधून थेट खालच्या घरात जातो. तक्रार आली की पहिला उपाय म्हणून कटरखाली घडी घातलेला टॉवेल, योगा मॅट किंवा फोम येतो. आवाज कमी होतो, शेजारी शांत होतात, आणि त्याच आठवड्यात चकत्या अडकायला लागतात. दोन्ही गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मधल्या काळात कटर तोच असतो आणि पत्राही तोच.

कारण जोराच्या हिशोबात आहे. चकती कापायला लागणारा जोर म्हणजे तिचा परीघ गुणिले पत्र्याची जाडी गुणिले त्या धातूची कातरली जाण्याला असलेली ताकद. २५ मिमी व्यासाची, ०.८ मिमी जाडीची नरम तांब्याची चकती घेतली तर हा आकडा ढोबळमानाने एक टनाच्या आसपास जातो. एवढा जोर हातोड्याचा फटका क्षणभरच देऊ शकतो. तो क्षण फोमने खाल्ला तर पंचाच्या टोकाशी काहीच उरत नाही. हातोडा उसळतो, तुम्ही पुन्हा मारता, पुन्हा मारता, आणि प्रत्येक फटक्याला पंच थोडा वेगळ्या जागी टेकतो. चकतीवरचे दुहेरी वण तिथून येतात. व्यास दुप्पट झाला की जोर दुप्पट लागतो, म्हणून लहान मापं निभावून जातात आणि मोठी अडतात.

मऊ वस्तू हवीच, पण तिची जागा खाली आहे. कटरखाली पोलादी ठोकळा किंवा लहान ऐरण, त्याखाली जाड लाकडाचा ओंडका, आणि ओंडक्याखाली, फरशीवर, जाड रबर. वजनदार पोलाद आणि लाकूड यांमुळे फटका पंचापाशी राहतो, रबरामुळे स्लॅबला कमी धक्का बसतो. ओंडका खोलीच्या मधोमध ठेवू नका, कोपऱ्यात बीम-कॉलमजवळ ठेवा. तिथे स्लॅब कमी थरथरतो. ओंडक्याला जागा नसेल तर टेबलाच्या पायाच्या बरोबर वर काम करा. टेबलाचा मधला भाग म्हणजे पुन्हा स्प्रिंगच. संगमरवरी किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर मात्र कधीही ठोकू नका, तो तडकतो.

ठोकळा आणि कटरच्या मध्ये चामड्याचा एकच पातळ तुकडा ठेवायचा, चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडे सहज मिळतो. पंच आरपार गेल्यावर त्याचं तोंड थेट पोलादावर आदळू नये एवढ्यापुरताच तो आहे. दोन-तीन थर रचलेत तर पुन्हा फोमचीच गत.

५. हातोडा आणि फटका

दागिन्यांच्या संचात येणारी छोटी हातोडी चकती कापायला नाही. एक किलोच्या आसपास वजनाचा पितळी हातोडा घ्या. नायलॉनची मोगरी चामड्याच्या कामाला चांगली, इथे ती उसळते.

दहा भित्रे फटके मारण्यापेक्षा एक-दोन ठाम फटके बरे. चकतीलाही बरे आणि शेजाऱ्यांच्या कानांनाही. आधी हलक्या टिचकीने पंच पत्र्यावर टेकलाय याची खात्री करा, मग हातोड्याचं तोंड पंचाच्या माथ्यावर सपाट पडेल असं मारा. आवाजाकडे लक्ष ठेवा. धातू अजून धरून असतो तोवर ठणठणीत आवाज येतो, चकती सुटली की तोच आवाज एकदम बसका होतो. बसका आवाज आला की थांबायचं. त्यानंतरचा प्रत्येक फटका फक्त पंचाची धार खातो.

६. तेल किंवा मेण

पंचाच्या तोंडाला आणि बाजूंना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब किंवा मेणबत्तीचं मेण पुरतं. कोरडा पंच भोकाच्या भिंतीला घासतो, तांबं आणि चांदी त्यावर पातळ थराने चिकटतात, आणि तो थरच पुढच्या वेळी पंच अडकवतो. काम झालं की कापडाने पुसून घ्या. पत्रा पुढे तापवायचा किंवा झाळायचा असेल तर चकतीवरचं तेल साबणाने धुवायला विसरू नका.

७. पत्र्याची जाडी मोजा, गेजवर विश्वास ठेवू नका

आता थोडा खर्च. जाडी मोजायचा डिजिटल व्हर्निअर नसेल तर घ्या, साधासुद्धा चालेल.

बहुतेक डिस्क कटर परदेशी संचांच्या धर्तीवर बनतात आणि त्यांच्या कागदावर "१८ गेजपर्यंत" असं लिहिलेलं असतं. गेज म्हणजे पत्र्याची जाडी सांगणारा आकडा, आणि तिथे तो अमेरिकी असतो. आपल्याकडे मुंबईच्या गुलालवाडीत किंवा ठाण्यातल्या धातूच्या दुकानात १८ गेजचा पत्रा मागितला की बहुधा ब्रिटिश मोजणीचा पत्रा मिळतो. आकडा तोच, जाडी वेगळी:

१८ गेज: अमेरिकी १.०२ मिमी, ब्रिटिश १.२२ मिमी
२० गेज: अमेरिकी ०.८१ मिमी, ब्रिटिश ०.९१ मिमी
२२ गेज: अमेरिकी ०.६४ मिमी, ब्रिटिश ०.७१ मिमी
२४ गेज: अमेरिकी ०.५१ मिमी, ब्रिटिश ०.५६ मिमी

१८ गेजला फरक जवळजवळ वीस टक्क्यांचा आहे, म्हणजे जोरही तितकाच जास्त. कटर त्याच्या मर्यादेबाहेर वापरला जातो आणि दोष पंचावर येतो. दुकानात गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा आणि तिथेच मोजून घ्या. हाताने ठोकायच्या कटरला १ मिमी ही मी वरची मर्यादा धरते, आणि २० मिमीच्या पुढच्या मापांना ०.८.

पातळ पत्र्याचा त्रास वेगळा. पंच आणि भोक यांच्यात थोडी फट ठेवलेली असते आणि ती बदलता येत नाही. नरम धातूसाठी ती दर बाजूला जाडीच्या सुमारे पाच टक्के असावी असा टूलरूममधला ढोबळ हिशोब आहे. ०.३ किंवा ०.४ मिमीच्या पत्र्याला ती फट फारच मोठी होते, पत्रा कापला न जाता तिच्यात दुमडतो आणि चकतीभोवती झालर येते. अशा वेळी खाली टाकाऊ तांब्याचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ठेवून दोन्ही एकत्र कापा. समोरच्या आधाराच्या तुकड्याची जाडीही मग दोन्ही मिळून धरायची.

८. पत्रा नरम आहे का?

लाटलेला, वाकवून सरळ केलेला किंवा ठसे मारून नक्षी केलेला पत्रा कडक होतो. दुकानातला पितळी पत्राही पुष्कळदा अर्धा कडकच येतो. वाकवून बघा: नरम पत्रा वाकतो आणि तसाच राहतो, कडक पत्रा परत येतो.

तांबं आणि ९२.५ चांदी मंद लाल दिसेपर्यंत तापवायची. चांदीला साधारण ६५० अंश पुरतात. दिवसाच्या लख्ख उजेडात मंद लाल दिसतच नाही आणि चांदी वितळायला लागते, म्हणून पडदा ओढा. पत्र्यावर आधी मार्करने रेघ मारून ठेवली तर पत्रा पुरेसा तापल्यावर ती विरून जाते, ही खूण बरीच भरवशाची आहे. मग पाण्यात सोडा. पितळाचा लालपणा आधी जाऊ द्या आणि मग बुडवा. पितळ गरजेपेक्षा जास्त तापवलं तर जस्ताची वाफ निघते, ती छातीत जाऊ देऊ नका. खिडकी उघडी हवी.

जर्मन सिल्व्हरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ऑक्सिडाइज्ड दागिन्यांसाठी ते बरेच जण आणतात. त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे आणि नरम केल्यावरही तांब्यापेक्षा चिवट राहतो. तो लाल असताना पाण्यात टाकला तर तडे जाऊ शकतात, हवेतच थंड होऊ द्या. जाडी ०.६ मिमीच्या वर नेऊ नका आणि मोठी मापं टाळा.

तापवल्यावर येणारा काळा थर गरम पाण्यात लिंबूसत घालून काढा. तो खरखरीत असतो आणि भोकाच्या कडा घासतो. पत्रा पुरता कोरडा करूनच कटरमध्ये घाला.

९. गंज

जून ते सप्टेंबर या काळात कटर येण्याचं प्रमाण वाढतं, आणि खाडीकाठच्या इमारतींमधून जास्त. कळवा, विटावा, ऐरोलीकडचे कटर उघडले की भोकांच्या भिंतींवर तांबूस ठिपके ठरलेलेच. पंच रिकाम्या भोकात, पत्रा न घालता सोडून बघा. स्वतःच्या वजनाने सरसर खाली जायला हवा. अडखळला तर गंज किंवा चिकटलेला धातू आहे.

रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने भोक पुसा. ठिपके राहिले तर १००० नंबरचा पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. जाड पेपर किंवा कानस भोकात कधीही घालायची नाही, कारण भोक मोठं झालं की फट वाढते आणि ती परत कमी होत नाही. नंतर तेलाचा हात देऊन बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मूळ लाकडी स्टँड दिसायला छान असतो, पावसाळ्यात मात्र लाकूड ओल धरतं आणि पंच तिथेच गंजतात.

रुतलेला पंच

पक्कडीने पिळून काढू नका. बाजूंवर चरे पडतात आणि ते चरे पुढे प्रत्येक वेळी अडकतात. कटर उलटा करा, दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, पंचाला खाली यायला जागा ठेवा, भोकात तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी पंचापेक्षा थोड्या लहान व्यासाची पितळी किंवा लाकडी दांडी लावून हलकेच टिचक्या मारा. निघाला तर अडकलेली धातूची चिंधी काढून क्रमांक दोन आणि तीन पुन्हा तपासा. हलक्या टिचक्यांनी निघत नसेल तर तिथेच थांबा.

१०. माथा आणि धार

पंचाचा माथा ठोकून ठोकून पसरला असेल, त्याला कडेने ओठ फुटले असतील, तर तो आधी नीट करा. हे ओठ तुटून उडतात आणि पंच भोकात उतरतानाही अडतात. ग्राइंडरवर हलका हात, दर दोन-तीन सेकंदांनी पाणी. पोलादावर पिवळसर रंग आला की तापमान २२० अंशांच्या पुढे गेलं, निळा आला की ३०० च्या जवळ. निळा झालेला भाग मऊ पडलेला असतो.

इथवर सगळं ठीक असेल तरच धारेकडे वळा. त्यासाठी चकती आणि उरलेला पत्रा पुन्हा शेजारी ठेवा. बर चकतीवर मोठा असेल तर पंचाची कडा बोथट आहे. बर पत्र्यातल्या भोकाच्या खालच्या अंगाला मोठा असेल तर डायची, म्हणजे खालच्या प्लेटची, कडा गेलीय. पहिलं काही अंशी घरी सुधारता येतं, दुसरं नाही.

पंचासाठी: जाड सपाट काचेवर ६०० आणि मग १००० नंबरचा पाणपेपर. सागवानी ठोकळ्याला पंच घट्ट बसेल असं सरळ भोक ड्रिल प्रेसवर पाडून घ्या, पंच त्यात उभा धरा आणि फक्त तोंड घासा. हातात मोकळा धरून घासलात तर तोंड नक्की तिरकं होतं. बाजूंना पेपर लागता कामा नये, नाहीतर व्यास कमी होतो. कडेवरची चमकणारी रेघ नाहीशी झाली की पुरे. भिंगाखाली तीक्ष्ण कडेवर उजेड चमकत नाही, बोथट कडेवर बारीक रेघ चमकते.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

• पंचाच्या किंवा प्लेटच्या पोलादात तडा दिसला. केसाएवढा असला तरी त्यावर एकही फटका मारू नका, ते फुटून उडू शकतं.
• धारेला डोळ्याने दिसेल असा टवका गेलाय.
• पंचाचं कापणारं टोक निळं पडलंय.
• डायची कडा गोल झालीय किंवा भोक लांबट झालंय.
• दोन प्लेटींची भोकं एका रेषेत नाहीत. पत्रा न घालताही पंच वरच्या भोकातून खालच्या भोकात उतरत नाही, आणि गंज तर नाही.
• गॅस टॉर्चला किंवा सिलिंडरच्या नळीला वास येतोय. हे तर लगेच बंद. घरगुती सिलिंडर असेल तर गॅस एजन्सीचा माणूस बोलवा, जोडणी स्वतः उघडू नका.

पंचाचं तोंड सरळ करायला सरफेस ग्राइंडर, म्हणजे धातू एकदम सपाट घासणारं यंत्र लागतं. ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत रबाळे, महापे इथे पंच-डायचं काम करणारे छोटे गाळे आहेत. सुटं काम ते घेतात, पण नेमकं सांगावं लागतं: फक्त तोंड घ्या, कूलंट (घासताना पोलाद थंड ठेवणारा द्रव) चालू ठेवा, व्यासाला हात लावू नका. पंच थोडा आखूड होईल, त्याने काही बिघडत नाही. डायच्या प्लेटबद्दल मात्र खर्च आधी विचारा. दोन्ही प्लेटी पक्क्या जोडलेल्या असल्या तर त्या सुट्या करून घासून पुन्हा एका रेषेत बसवण्याचा खर्च नव्या साध्या कटरपेक्षा सहज जास्त होतो, आणि मग मी नवा घ्या असंच सांगते.

जाताना एकटा पंच नेऊ नका. पूर्ण कटर, शेवटची बिघडलेली चकती, तिचा पत्रा आणि समोरचा आधाराचा तुकडा, असं सगळं न्या. आणि एकाच मापाच्या शेकडो चकत्या किंवा ३० मिमीच्या पुढची मापं हवी असतील, तर त्याच गाळ्यांमध्ये फ्लायप्रेसवर, म्हणजे हाताने फिरवायच्या स्क्रूच्या प्रेसवर काढून देणारे भेटतील. त्यांना पत्रा, जाडी मिलिमीटरमध्ये आणि दर्शनी बाजू कुठली हे सांगा, म्हणजे बर कुठल्या अंगाला ठेवायचा ते त्यांना आधीच कळेल.